खडा मसाला पाण्यात उकळला तर वास लागत नाही, तेलात परतला की लागतो. आणि ऊझो या ग्रीक दारूत पाणी घातलं की ती दुधासारखी पांढरी होते. दोन्हींचं कारण एकच आहे का?

हो, एकच. मसाल्याचा वास म्हणजे त्यातली सुगंधी तेलं. पाण्याशी त्यांचं जमत नाही, तेलात आणि कडक दारूत मात्र ती लगेच उतरतात. आमच्या आईला हे शाळेची पायरी न चढता माहीत होतं, आणि घरात तिचं कुणी ऐकलं नाही.

आमचं गाव चोपड्याजवळ. काळा मसाला उन्हाळ्यात घरीच व्हायचा, पण यादी थोरल्या काकांच्या, आप्पांच्या हातात. एका वर्षी त्यांनी दगडफूल चिमटीत धरलं, हुंगलं आणि म्हणाले, "यानं काय काम शे? पालापाचोळा!" यादीतून नाव खोडलं. कोरडं दगडफूल जुन्या पोत्यासारखंच लागतं, हे खरं. आई जेठांशी थेट बोलायची नाही. चुलीपुढून मला म्हणाली, "सांग तुना आप्पाले, तेलमा टाकीसन देखा." मी सांगितलं. आप्पा हसून ओसरीवर गेले.

त्या वर्षी शेवभाजी नुसती तिखट झाली. तो काळपट, ओल्या मातीचा आणि धुराचा वास आलाच नाही. पाहुण्यांनी विचारलं तेव्हा आप्पा म्हणाले, "औंदा मसाला भाजताना बिघडला." भाजणारी आई होती. पुढच्या यादीत दगडफूल आप्पांच्याच अक्षरात परत आलं. आईला मात्र त्यावर कुणी एक शब्द बोललं नाही. हे मला आजही सलतं.

पुढे बी.एस्सी.ला लवंगेचं तेल काढलं. लवंगा पाण्यात उकळल्या, वाफ थंड केली, तर नळीतून दुधाळ पाणी थेंबथेंब पडायला लागलं. थोड्या वेळानं त्यातलं तेल तळाशी बसलं. सगळी प्रयोगशाळा घमघमत होती आणि उकळत्या भांड्यात उरलं होतं तपकिरी तुरट पाणी. तुमच्या उकळलेल्या रश्श्याचं तेच होतं: वास वाफेबरोबर घरभर, ताटात काही नाही.

ऊझोत बडीशेपेच्या वासाचं अ‍ॅनेथॉल असतं. चाळीसेक टक्के अल्कोहोल त्याला धरून ठेवतं. पाणी पडलं की पकड सुटते, बारीक थेंब होतात, त्यांच्यावर प्रकाश विखुरतो आणि पेला पांढरा दिसतो. ॲबसिन्थ या दुसऱ्या कडक दारूचंही तसंच. फ्रान्सनं 1915 मध्ये त्यावर बंदी घातली, ठपका ठेवला आपल्या दवण्याच्या भाऊबंदातल्या वर्मवुड या वनस्पतीवर, तिच्यातल्या थुजोन या द्रव्यावर. नंतर जुन्या बाटल्या तपासल्या तेव्हा थुजोन थोडंच निघालं. माणसं बिघडली होती ती अति दारूनं. दोष भलत्याच्याच माथी!

तेव्हा आधी तेल, मग खडा मसाला मध्यम आचेवर, पाणी शेवटी. रश्श्यावरचा तवंग काढून फेकणारे वासच फेकतात, हे मी कुणाच्याही तोंडावर सांगेन. सगळीच सुगंधी द्रव्यं इतकी हट्टी नसतात. व्हॅनिलातलं व्हॅनिलिन गरम पाण्यातही बऱ्यापैकी विरघळतं. आणि दगडफूल जास्त झालं तर मसाला कडवट होतो. माप घरात जी भाजते तिला विचारा, यादी करणाऱ्याला नको.