चिप्सचा तुकडा

प्रिय ताई, माझ्या साडेचार वर्षांच्या मुलाला ऑटिझम आहे. डोंबिवलीहून आठवड्यातून चार दिवस ठाण्याला बिहेवियर थेरपीला नेते. सासूबाई म्हणतात, मोबाइलमुळे झालं. ह्यांनी वाचलंय की आठवड्याला ४० तास थेरपी हवी. नोकरी सोडू का? बाकी प्रगती छान. नजरेला नजर देतो. आता तर घरीही माझ्याकडे बघतो आणि लगेच हात पुढे करतो, तिकडे चिप्सचा तुकडा मिळतो ना!
– एक आई

अगं,

सासूबाईंचं आधी उरकते. मोबाइलने ऑटिझम होत नाही. वाद घालत बसू नकोस, तेवढा वेळ कुठाय तुला?

ते ४० तास आले मानसशास्त्रज्ञ लोवास यांच्या १९८७च्या अभ्यासातून. ४० तासवाली मुलं १९. त्यातली ९ चारचौघांसारखी पहिली पास झाली, म्हणून गाजावाजा. कोणाला किती तास थेरपी द्यायची हे चिठ्ठ्या टाकून ठरवलं नव्हतं, आणि त्या थेरपीत मांडीवर चापट मारणंही बसत होतं, हे तुझ्या ह्यांच्या वाचनात आलं नसावं. त्या आकड्यापायी पगार सोडायचा? मुळीच नाही.

पण मी अडले ते त्या पुढे केलेल्या हातापाशी. तू 'ना!' लिहून मोकळी झालीस. माझ्या पोटात कालवलं गं. पोराने हिशोब चोख लावलाय: आईकडे बघा, चिप्स घ्या. तिकीट खिडकीतल्या माणसाकडे आपण बघतो, तसा तो तुझ्याकडे बघतोय.

बक्षीस वाईट नाही. पण पाणी मागितलं तर पाणी मिळावं, झोका मागितला तर झोका. डोळ्यांत बघण्याचे चिप्स कसले? ऑटिझम असलेली कितीतरी मोठी माणसं सांगतात की समोरच्याच्या डोळ्यांत बघायला लागलं की त्याचं बोलणं डोक्यात शिरत नाही. मान फिरवून बसलेला तुझा लेक कदाचित तेव्हाच नीट ऐकत असेल.

थेरपी सोडू नकोस. येत्या सेशनला थेरपिस्टला सांग: काय काय शिकवायचं त्या यादीतला, म्हणजे तुमच्या 'गोल शीट'वरचा, आय कॉन्टॅक्ट खोडा आणि तिथे 'नको' लिहा. बोलून, चित्राच्या कार्डाने, हाताच्या खुणेने, जमेल तसं त्याला 'नको' म्हणता आलं पाहिजे. आणि तो 'नको' म्हणाला की तिथल्या तिथे थांबायचं, त्यांनीही आणि तूही. त्यांनी कपाळाला आठ्या घातल्या, तर सेंटर बदल.

घरी 'इकडे बघ' आजपासून बंद.

येताना स्लो लोकल पकड, त्याला खिडकी दे. मुंब्र्याला खाडी लागली की तो कुठे बघतोय, ते तू बघ. चिप्स पर्समध्येच राहू देत.