'व्हेन'च्या मागे 'विल' कधी येतं, कधी येत नाही

प्रश्न थोडक्यात असा आहे. तुम्ही मेलमध्ये 'आय विल इन्फॉर्म यू व्हेन द मॅनेजर विल कम' लिहिलंत आणि सहकाऱ्याने दुसरं 'विल' खोडून 'कम्स' केलं. पण त्याच मेलमधलं 'आय डोन्ट नो व्हेन द मॅनेजर विल कम' त्याने तसंच ठेवलं. मग नियम नक्की काय, आणि क्लासमध्ये शिकवलेला 'एका वाक्यात एकच विल' हा नियम खरा की खोटा?

सहकारी दोन्हीकडे बरोबर आहे. 'एकच विल' मात्र डोक्यातून काढून टाका. 'आय विल टेल यू हाउ मच इट विल कॉस्ट' यात दोन 'विल' आहेत आणि दोन्ही हवीतच. उलट 'कॉल मी व्हेन यू अराइव्ह' यात एकही नाही, तरी 'अराइव्ह'च्या आधी ते घालता येत नाही. वाक्यात 'विल' किती आहेत हे मोजून काही कळत नाही. ते कुठल्या क्लॉजमध्ये (मोठ्या वाक्यातल्या छोट्या वाक्यात) आहे आणि तो क्लॉज काय काम करतोय, एवढंच बघायचं.

तुमची दोन वाक्यं मराठीत म्हणून बघा. 'मॅनेजर येतील तेव्हा कळवतो' आणि 'मॅनेजर कधी येतील माहीत नाही'. पहिल्यात 'तेव्हा' आहे, दुसऱ्यात 'कधी'. इंग्रजीत या दोघांचं काम एकटं 'व्हेन' करतं आणि सगळा घोळ तिथून सुरू होतो. 'जेव्हा-तेव्हा'वालं 'व्हेन' मुख्य कामाची वेळ सांगतं, तिथे 'विल' नाही. 'कधी'वालं 'व्हेन' म्हणजे पोटातला प्रश्न. तो 'नो', 'आस्क', 'टेल' अशा क्रियापदाचं कर्म असतो, आणि तिथे भविष्यकाळ हवा तर 'विल' खुशाल येतं. 'टेल मी व्हेन ही विल कम' म्हणजे तो कधी येणार ते आत्ता सांग. 'टेल मी व्हेन ही कम्स' म्हणजे बहुधा तो आला की सांग. अर्थच बदलला.

'इफ'ची गोष्ट हुबेहूब हीच. मराठीत 'जर' असेल तर 'विल' नाही: 'इफ ही कम्स, वी विल स्टार्ट'. मराठीत 'की नाही' असेल तर चालतं: 'आय डोन्ट नो इफ ही विल कम'.

'व्हेन'चा तिसरा प्रकार कमी भेटतो. 'द डे विल कम व्हेन यू विल थँक मी'. इथे 'व्हेन' कामाची वेळ सांगत नाही, 'डे' या नामाला चिकटून तो दिवस कसला ते सांगतंय. म्हणून 'विल' चाललं.

आता 'पुढच्या गोष्टीला वर्तमानकाळ कसा?' ही तक्रार. मुख्य वाक्याने गोष्ट पुढची आहे हे एकदा सांगितलेलं असतं, म्हणून इंग्रजी ते पुन्हा सांगत बसत नाही. यात फार तर्क शोधू नका, हा त्या भाषेचा रिवाज आहे. फ्रेंच याच जागी सरळ भविष्यकाळ वापरते, स्पॅनिश क्रियापदाचं वेगळंच रूप काढते. आणि आपण तरी काय करतो? 'पाऊस थांबला की निघू.' पाऊस अजून पडतोय आणि आपण 'थांबला' म्हणून मोकळे! भूतकाळाचं रूप भविष्यासाठी वापरणाऱ्याने इंग्रजीच्या वर्तमानकाळाला नावं ठेवू नयेत.

याचा फायदाही करून घेता येतो. मनातलं वाक्य 'आला की', 'थांबला की', 'पोहोचल्यावर' अशा साच्यात बसत असेल, तर इंग्रजीत त्या जागी 'विल' घालायचं नाही. 'व्हेन', 'आफ्टर', 'बिफोर', 'ॲज सून ॲज', 'वन्स', 'द मोमेंट', 'अंटिल', 'व्हाइल', 'बाय द टाइम', सगळ्यांना हाच नियम. 'जो आधी येईल त्याला जागा मिळेल' यातही तसंच: 'हूएव्हर कम्स फर्स्ट विल गेट द सीट'.

वर्तमानकाळ म्हणजे दर वेळी साधाच असंही नाही. 'व्हेन आय रीड द रिपोर्ट, आय विल कॉल यू' हे चूक नाही, पण वाचताना फोन करणार की वाचून झाल्यावर, ते कळत नाही. काम पुरं होण्यावर भर असेल तर 'व्हेन आय हॅव रेड द रिपोर्ट' म्हणा. मराठीत तुम्ही 'वाचून झालं की', 'लिहून झाल्यावर' म्हणता का? मग प्रेझेंट परफेक्ट. 'अराइव्ह'सारखी क्षणात उरकणारी क्रिया असेल तर साधा वर्तमानकाळ पुरतो; कुणी अर्धवट 'अराइव्ह' होत नाही. 'आफ्टर'बरोबर क्रम आधीच स्पष्ट असतो, त्यामुळे दोन्ही चालतात. 'व्हेन आय विल हॅव फिनिश्ड' मात्र नको. आणि काम चालू असतानाची वेळ असेल तर 'व्हाइल आय ॲम वेटिंग', 'व्हाइल आय विल बी वेटिंग' नाही.

मराठी माणसाच्या इंग्रजीत सगळ्यात जास्त खटकतं ते 'पर्यंत'. इथे दोन वेगळे खड्डे आहेत.

पहिला नकाराचा. 'जोपर्यंत तो येत नाही तोपर्यंत सुरू करायचं नाही' हे मराठीत अगदी शुद्ध. ते तसंच उचलून 'अंटिल ही डज नॉट कम, वी विल नॉट स्टार्ट' होतं आणि बिघडतं. 'अंटिल'ला आपल्यासारखा नकार लागत नाही: 'वी विल नॉट स्टार्ट अंटिल ही कम्स'. उपाय मराठीतच आहे. मनातलं वाक्य आधी 'तो येईपर्यंत' असं करून घ्या, म्हणजे 'नाही' आपोआप गळतो. 'अनलेस'चंही तेच, तिथे 'भरल्याशिवाय' हा साचा धरा. 'अनलेस यू पे', 'अनलेस यू डोन्ट पे' नाही.

दुसरा खड्डा जास्त खोल. 'मी येईपर्यंत इथेच थांब' आणि 'मी येईपर्यंत पत्र लिहून संपव'. मराठीत दोन्हीकडे 'येईपर्यंत'. इंग्रजीत पहिलं 'वेट हिअर अंटिल आय कम बॅक', दुसरं 'फिनिश द लेटर बाय द टाइम आय कम बॅक'. थांबणं तोवर सतत चालू राहणार, म्हणून 'अंटिल'. पत्र त्याआधी केव्हाही संपलं तरी चालेल, फक्त मी येईन तेव्हा संपलेलं हवं, म्हणून 'बाय द टाइम'. 'फिनिश द लेटर अंटिल आय कम' असं लिहिलेल्या कितीतरी मेल मी पाहिल्या आहेत. वाचणारा अर्थ लावून घेतो, पण अडखळतो. 'बाय द टाइम'च्या जोडीला मुख्य वाक्यात पुष्कळदा 'विल हॅव' येतं: 'बाय द टाइम यू अराइव्ह, द मीटिंग विल हॅव एंडेड'. आपण म्हणतो ना, 'तुम्ही येईपर्यंत मीटिंग संपलेली असेल', तेच. 'यू'च्या बाजूला मात्र साधा वर्तमानकाळच.

आता कुणीतरी 'इफ यू विल वेट हिअर, आय विल कॉल हिम' हे वाक्य काढून दाखवेल. ते बरोबर आहे. ते 'विल' काळाचं नाही, तयारीचं आहे: आपण जरा थांबाल तर बोलावतो. 'इफ ही वोन्ट लिसन' म्हणजे तो ऐकायलाच तयार नसेल तर. या 'विल'च्या जागी 'राजी असणं' घालून अर्थ जमला तर ठेवा, नाही तर काढा. 'तू येणार असशील तर सांग' यातला 'णार' मात्र ठरलेल्या बेताचा आहे. तिथे 'इफ यू आर कमिंग' किंवा 'इफ यू आर गोइंग टु कम' म्हणा.

मेल पाठवून झाल्यावर तीच गोष्ट दुसऱ्याला सांगायची वेळ आली, तर अख्खं वाक्य एक पायरी मागे जातं. 'आय विल कॉल यू व्हेन ही कम्स'चं 'आय सेड आय वुड कॉल यू व्हेन ही केम' होतं. इथे 'व्हेन ही वुड कम' लिहायचा मोह होईल. 'विल'ला जिथे जागा नव्हती, तिथे 'वुड'लाही नाही.