वाचकांचे प्रश्न : अर्ज उठून कसा दिसावा?

प्रश्न : माझी मुलगी अकरावीत आहे आणि पदवीसाठी तिला अमेरिकेतील किंवा ब्रिटनमधील नामवंत विद्यापीठात जायचे आहे. गुण उत्तम आहेत. वक्तृत्व, रोबोटिक्स, बुद्धिबळ, स्वयंसेवा अशी २२ प्रमाणपत्रे फाइलमध्ये लावून ठेवली आहेत. एका सल्लागारांच्या मते आता एक शोधनिबंध छापून आणावा आणि तिच्या नावाने एखादी संस्था काढावी, म्हणजे अर्ज उठून दिसेल. हे कितपत खरे? निबंध कोणाकडून तपासून घ्यावा? (तीन वर्षे ती गच्चीवर पाऊस मोजते आहे, पण त्याचे प्रमाणपत्र कुठले मिळायला!)
– एक पालक

उत्तर : तुमच्या पत्रातले सर्वांत मोलाचे वाक्य तुम्ही कंसात टाकले आहे. त्याकडे वळण्यापूर्वी गुणांविषयी थोडक्यात सांगतो. हार्वर्डकडे अलीकडे दरवर्षी ५० हजारांच्या आसपास अर्ज येतात आणि शंभरामागे साधारण चौघांनाच प्रवेश मिळतो. त्यामुळे उत्तम गुणांनी अर्ज वाचला जातो, निवडला जाईलच असे नाही. अनेक अमेरिकी विद्यापीठे ‘कॉमन डेटा सेट’ नावाचे विवरण दरवर्षी प्रसिद्ध करतात. त्यातील ‘सी-७’ हा तक्ता तुम्ही दोघांनी मिळून वाचावा, कारण गुण, विषयांची काठिण्यपातळी, निबंध, शिफारसपत्रे यांपैकी कशाला किती महत्त्व दिले जाते हे त्यात विद्यापीठानेच नमूद केलेले असते. अमेरिकी विद्यापीठांच्या प्रवेशासाठी द्यावी लागणारी ‘सॅट’ ही चाचणी आता कोणी विचारत नाही, या ऐकीव माहितीवरही विसंबू नका. एमआयटीने (मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी) २०२२ मध्ये आणि हार्वर्डने २०२४ मध्ये चाचणीची अट पुन्हा लागू केल्याचे जाहीर केले.

आता प्रमाणपत्रांकडे येऊ. अनेक अमेरिकी विद्यापीठे ज्यावर अर्ज घेतात त्या ‘कॉमन अॅप’मध्ये उपक्रमांसाठी फक्त १० जागा असतात आणि प्रत्येक उपक्रमाच्या वर्णनाला १५० अक्षरे, तीही मोकळ्या जागा धरून. एमआयटीचा अर्ज वेगळा असतो आणि तिथे तर चारच उपक्रम लिहायचे असतात. म्हणजे २२ पैकी बहुतेक प्रमाणपत्रे अर्जापर्यंत पोहोचणारच नाहीत. जी पोहोचतील ती ‘विज्ञान मंडळाची अध्यक्ष, विविध उपक्रमांत सक्रिय सहभाग’ अशा भाषेत लिहिली, तर त्या ओळीखाली कोणाचेही नाव घालता येईल. त्याऐवजी ही ओळ पाहा : ‘पावसाची रोज एकाच वेळी नोंद, तीन पावसाळे, शेजारच्या भिंतीचा आडोसा लक्षात आल्यावर मापकाची जागा बदलली, आधीच्या नोंदी वेगळ्या ठेवल्या.’ हे तपशील माझ्या कल्पनेतले आहेत, तुमच्या मुलीचे याहून सरस असतील. पण या एका ओळीतून चिकाटी, स्वतःची चूक ओळखण्याची तयारी आणि प्रामाणिकपणा दिसतो, आणि त्यासाठी एकही विशेषण खर्ची पडलेले नाही.

सल्लागारांच्या सूचनेबद्दल माझे मत स्पष्ट आहे. पैसे भरून छापलेला शोधनिबंध आणि अर्जापुरती काढलेली संस्था यांपासून दूर राहावे. असे अर्ज वर्षानुवर्षे वाचणाऱ्यांना हा बनाव कळत नसेल, असे समजणे भाबडेपणाचे आहे. संस्थेसाठी लागणारे महिने तिने त्या नोंदींमधूनच एखादा प्रश्न शोधण्यात घालवावेत. तिचे आकडे जवळच्या अधिकृत केंद्राच्या आकड्यांशी का जुळत नाहीत, एवढा प्रश्नही पुरेसा आहे.

शिफारसपत्रासाठी मोठ्या हुद्द्याची व्यक्ती शोधू नका. वर्गात तिला प्रत्यक्ष शिकवणारे, तिने विचारलेला एखादा अडचणीचा प्रश्न अजून आठवणारे शिक्षकच उपयोगी पडतात. एमआयटीला एक पत्र गणित वा विज्ञानाच्या आणि दुसरे भाषा वा सामाजिक शास्त्रांच्या शिक्षकांचे लागते, म्हणून दुसऱ्या गटातील शिक्षकांशीही तिचा संवाद असू द्या.

ब्रिटनचा हिशेब निराळा आहे. ऑक्सफर्ड आणि केंब्रिज यांपैकी एका वर्षी एकाच ठिकाणी अर्ज करता येतो, आणि त्याची मुदत १५ ऑक्टोबरला, म्हणजे इतरांपेक्षा बरीच आधी संपते. तिथे निवड त्या त्या विषयाचे प्राध्यापक करतात. मुलाखतीत ते अनोळखी प्रश्न देऊन विद्यार्थी कसा विचार करतो हे पाहतात. बुद्धिबळाच्या चषकाला तिथे जवळजवळ किंमत नाही. पाऊस मोजण्याला आहे, पण तिने भूगोल किंवा भौतिकशास्त्रासारखा त्याच्याशी जुळणारा विषय निवडला तरच.

राहिला निबंध. कॉमन अॅपचा मुख्य निबंध जास्तीत जास्त ६५० शब्दांचा असतो आणि तो स्वतः लिहिल्याची ग्वाही विद्यार्थ्याला द्यावी लागते. तुम्ही तो वाचून ‘इथे मला कळले नाही’ एवढेच सांगावे, वाक्ये बदलू नयेत. पन्नाशीच्या माणसाने घोटून दिलेली भाषा सतरा वर्षांच्या मुलीच्या अर्जात लगेच ओळखू येते. लिहायला बसताना तिने प्रमाणपत्रांची फाइल कपाटात ठेवून पावसाची वही जवळ घ्यावी. आणि त्या वहीत आजारपणामुळे किंवा कंटाळ्यामुळे काही दिवसांच्या नोंदी राहिल्या असतील, तर त्या जागा आता अंदाजाने भरू नयेत. कोऱ्याच राहू द्याव्यात, आणि कोणी विचारलेच तर कारण सांगावे.