वयाबरोबर बुद्धिमत्ता खरोखर घटते का, आणि ज्येष्ठांमध्ये ती मोजतात कशी?

एकाच बुद्ध्यंकाने याचे उत्तर देता येत नाही, कारण बुद्धीचे सगळे पैलू वयाबरोबर सारख्या गतीने बदलत नाहीत. मानसशास्त्रज्ञ रेमंड कॅटेल आणि जॉन हॉर्न यांनी तरल आणि संचित असे दोन प्रकार वेगळे मानले: अनोळखी कोडे सोडवण्याची क्षमता पहिल्यात येते, तर शब्दसंग्रह आणि सामान्य ज्ञान दुसऱ्यात, आणि हा दुसरा प्रकार साठीनंतरही बराच काळ टिकतो.

मोजण्याच्या पद्धतीनेही निष्कर्ष बदलतो. वेगवेगळ्या वयाच्या लोकांची एकाच वेळी तुलना केली, तर पिढ्यांच्या शिक्षणातील तफावतही वयाच्याच खात्यावर जमा होते. म्हणूनच मानसशास्त्रज्ञ वॉर्नर शाय यांनी १९५६ मध्ये अमेरिकेतील सिएटल येथे सुरू केलेल्या अभ्यासात त्याच व्यक्तींना दर ७ वर्षांनी पुन्हा तपासले, तेव्हा बहुतेक क्षमतांमधील घट पूर्वी वाटत होती त्यापेक्षा बरीच उशिरा दिसली.

आपल्याकडे शाळेची पायरीही न चढलेल्या आजींना घड्याळ लावून कागद-पेन्सिलची चाचणी देणे मला अन्यायाचे वाटते, कारण त्यात बुद्धीपेक्षा शाळेची सवयच अधिक मोजली जाते. चाचणीपूर्वी त्यांना नीट ऐकू येते का, चष्म्याचा नंबर बरोबर आहे का, एवढे तरी पाहिलेच पाहिजे.