आधी साथीविना गा

चि. मुलीस अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र आणि पहिल्या अल्बमचे कच्चे ध्वनिमुद्रण मिळाले. तुझा संगीत-संयोजक म्हणतो, सुरुवातीची गिटार कापून धृपद पुढे आण, कारण स्पॉटिफायवर ३० सेकंद ऐकल्याशिवाय ते ऐकणे मोजले जात नाही. घरचे म्हणतात, ही गाणी तुझ्यापुरतीच आहेत, ती कोण ऐकणार. आणि या दोघांमध्ये अडकून तू चौथ्या गाण्याचा शेवट बदलत बसली आहेस. या दोन्ही प्रश्नांना माझे उत्तर एकच आहे: गाणे आधी साथीविना उभे राहिले पाहिजे. गिटार बाजूला ठेव आणि समोर बसलेल्या माणसापुढे ते नुसत्या गळ्याने गा.

आसोद्याच्या बहिणाबाईंना (१८८०–१९५१) लिहिता येत नव्हते. जात्यावर आणि शेतात काम करताना त्यांना सुचलेली गाणी घरच्यांनी टिपून ठेवली, म्हणून १९५२ साली ती पुस्तकरूपाने आली. मनाच्या चंचलतेविषयी त्यांच्याइतके आत पाहणारे लेखन मला दुसरे सापडलेले नाही. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी आलेल्या मुली झोक्यावर गातात, त्यातही सासरी एकटी पडलेली 'मी'च असते, तरी दुसऱ्या ओळीला सगळ्या जणी तिच्याबरोबर गाऊ लागतात. त्यामुळे घरच्यांचा आक्षेप मी मोजत नाही. तुझी अडचण वेगळी आहे. वसतिगृहावरच्या गाण्यात 'शून्य', 'पोकळी', 'अंधार' असे शब्द ओळीने आले आहेत. सिंथेसायझरच्या सुरावटीत ते गंभीर वाटतात, साथीविना गाऊन पाहा, एकही टिकणार नाही. उलट चौथ्यातली आई केळीच्या बागेत ठिबकच्या नळ्या तपासत फोनवर 'जेवलीस का' विचारते, ती ओळ कुठेही उभी राहील. हे तुला ऐकू येत नाही, याचा मला राग येतो.

संयोजक वाईट माणूस नाही. पण जे गाणे साथीविना उभे राहत नाही, ते तो उभे करणार नाही, फक्त झाकील.

लोक म्हणतात, हट्टापायी नाना जळगावातच राहिले. माझ्या अहिराणी गाण्यांवर एका कंपनीला वरातीचा ठेका चढवून हवा होता आणि ती तशी चालली असती, हे मलाही कळत होते. नकाराची खंत नाही. ज्या म्हाताऱ्यांपुढे म्हणून म्हणून ती घडली, त्यांच्या हयातीत त्या गाण्यांचे ध्वनिमुद्रण झाले नाही, याची आहे. पैसा गेला, हे खरे. पण वीज गेलेल्या सभागृहात मी ती आजही म्हणू शकतो. वरातीत गाजलेल्या माझ्या सोबत्यांपैकी किती जणांना ते जमेल?

करारावर घाईने सही करू नकोस. कॉपीराइट कायद्यातही शब्द, चाल आणि ध्वनिमुद्रण या वेगवेगळ्या कृती आहेत, आणि २०१२ च्या दुरुस्तीनंतर गीतकार-संगीतकाराचा रॉयल्टीतला वाटा करार करूनही कंपनीला देऊन टाकता येत नाही. म्हणजे साथ काढून घेतल्यावर जे उरते, तेच तुझे.

दिवाळीनंतर गिटार न आणता जळगावला ये आणि आधी चौथे गाणे म्हण; सातव्याचे दुसरे कडवे मात्र तोपर्यंत काढून टाक.

— नाना