अमेरिकेत बनलेल्या नव्या मोटरसायकलींचा दर्जा तिथल्या कामगारांमुळे घसरलाय का?

तुम्ही नोकरीनिमित्त पिट्सबर्गला आलात, नवी अमेरिकन गाडी घ्यायचीय, आणि मित्र म्हणतो की इथल्या कामगारांचं कामात मन नाही म्हणून नव्या गाड्या तेल गाळतात. काही गाड्या गाळतात, खरंय. कामगारांबद्दलचं वाक्य मात्र आमच्या साडूभाऊंच्या तोंडून इतक्यांदा ऐकलंय की तुमचा प्रश्न बघून गप्प बसवेना.

मी मिडवेस्टमधल्या एका पार्ट्स सप्लायरकडे क्वालिटीत होतो. नाव सांगत नाही. ॲल्युमिनियमची डाय-कास्ट, म्हणजे साच्यात ओतलेली, कव्हरं मशिनिंग करून आम्ही दोन-तीन इंजिन कंपन्यांना द्यायचो. कास्टिंग म्हटलं की ब्लो होल, म्हणजे आत अडकलेल्या हवेची भोकं, आलेच. वरचा थर मिलिंगमध्ये उडाला की ते उघडे पडतात, आणि गॅस्केट, म्हणजे सांध्यातून तेल गळू न देणारी पट्टी, बसते त्या सपाट फेसवर एखादा निघाला की तेलाला वाट मिळाली. दुसऱ्या शिफ्टला एक म्हातारा मशिनिस्ट होता, तिथेच केस पिकलेला. गेज आणि लीक टेस्ट नंतर, हा आधी अंगठ्याचं नख फेसवरून फिरवायचा. नख अडलं की पीस बाजूला. लागोपाठ दोन-चार अडले की अख्ख्या क्रेटला लाल टॅग, त्यावर मशीनचा नंबर आणि ठसठशीत अक्षरात ‘फेस बघा’.

क्वार्टर, म्हणजे तिमाही, संपत आला की त्या टॅगचं काय व्हायचं? सकाळी मीटिंग, डेव्हिएशनच्या, म्हणजे दोष असूनही माल चालवून घ्यायच्या परवानगीच्या, कागदावर ‘आहे तसं वापरा’ म्हणून सही, आणि दुपारच्या ट्रकमध्ये क्रेट रवाना. थंड कव्हर लीक टेस्टला पास होतंय ना, मग झालं. टॅग पॅलेटखाली चिरडलेला सापडायचा. म्हाताऱ्याने परत लावला, परत निघाला. एकदा त्याने मला विचारलं, हे टॅग छापायचा खर्च तरी कशाला करता? त्यानंतर नख फिरवणं बंद. सायकल टाइम, म्हणजे एका पीसला ठरवून दिलेला वेळ, गाठायचा, बोर्डावर आकडा लिहायचा, शिफ्ट सुटली की थेट पार्किंग.

पुढे ग्राहकाकडून गळकी कव्हरं परत आली. रिपोर्टात मूळ कारणाच्या रकान्यात काय? ‘ऑपरेटरचं दुर्लक्ष.’ उपाय काय? पुन्हा ट्रेनिंग. मी ते खोडून डेव्हिएशनचा नंबर लिहिला. साहेबांनी दुसरी प्रत काढायला लावली. तिच्यावर माझी सही नाही, आणि याचा मला आजही अभिमान आहे. मनोबल वाढवायला त्याच आठवड्यात सगळ्यांना पिझ्झा दिला होता, तो खाल्ला.

हे भोसरीत जॉबवर्कचं शॉप चालवणाऱ्या साडूभाऊंना सांगितलं तर म्हणाले, “युनियनवाले असेच. पगार डॉलरमध्ये, काम आण्यात.”

म्हणून हा इतिहास त्यांच्यासाठी. बोलिंगच्या साहित्याचा मोठा धंदा असलेल्या एएमएफने 1969 मध्ये हार्ले-डेव्हिडसन घेतली. उत्पादन सपाट्याने वाढवलं. 1973 पासून इंजिनं मिलवॉकीला आणि असेंब्ली तुमच्याच राज्यात, पेनसिल्वेनियातल्या यॉर्कला. पार्ट कमी असलेल्या गाड्या लाइनवरून उतरायच्या, शोरूममध्ये नव्या गाडीखाली पुठ्ठा अंथरलेला असायचा. 1974 ला मोठा संप झाला. 1981 मध्ये 13 अधिकाऱ्यांनी कर्ज काढून कंपनी परत विकत घेतली, आणि त्यांच्यातली काही मंडळी ओहायोत मेरीसव्हिलला होंडाचा कारखाना बघून आली. तिथे लाइनवर होती ओहायोच्याच गावखेड्यांतली माणसं, आणि त्यांच्या गाड्यांमध्ये दोष हार्लेपेक्षा कितीतरी कमी.

साडूभाऊ इथे म्हणतात, होंडात युनियन नव्हती. मान्य. पण हार्लेत होती, आणि ती असतानाच पुढच्या काही वर्षांत हार्ले सुधारली. पार्ट लागतील तेव्हा, लागतील तेवढेच आणायला लागले. कामगाराला स्वतःच मापं घेऊन आलेख काढायला शिकवलं. 1984 च्या मॉडेलना नवं एव्होल्यूशन इंजिन आलं. रेगन सरकारने 1983 मध्ये 700 सीसीवरच्या आयात गाड्यांची ड्यूटी 4.4 वरून 49.4 टक्क्यांवर नेली होती. 1987 मध्ये मुदतीआधीच ती काढा म्हणून कंपनीनेच सांगितलं. या सगळ्यात बऱ्याच लोकांना घरीही बसवलं होतं, तेव्हा ही काही निव्वळ गोड गोष्ट नाही.

आजचं म्हणाल, तर 1998 मध्ये उघडलेला हार्लेचा कॅन्सस सिटीचा कारखाना 2019 मध्ये बंद झाला. आपलं मशीन पुढच्या वर्षी इथेच असेल का हे ज्याला माहीत नाही, तो नख कशाला फिरवेल? मे 2022 मध्ये हार्लेने जवळजवळ सगळ्या गाड्यांची जोडणी दोन आठवडे थांबवली, ती एका सप्लायरच्या पार्टमुळे. म्हणजे दोष शोधायला नुसती शेवटची असेंब्ली लाइन बघून भागत नाही.

आता तुमचं. नावावर जाऊ नका, हार्ले थायलंडलाही बनते. व्हीआयएनचं, म्हणजे गाडीवर कोरलेल्या ओळख नंबराचं, पहिलं अक्षर 1, 4 किंवा 5 असेल तर गाडी अमेरिकेतली. तोच नंबर एनएचटीएसएच्या, म्हणजे अमेरिकन सरकारच्या वाहन-सुरक्षा खात्याच्या, साइटवर टाकून रिकॉल, म्हणजे दोषामुळे कंपनीने गाडी परत बोलावलीय का, ते बघा. तासभर चालवून गरम झाल्यावर कव्हरच्या जोडाखाली टिश्यू फिरवा. दुरुस्तीची प्रत्येक जॉबशीट लेखी घ्या. इंजिनाचं डिझाइन नवं, पहिल्याच वर्षाचं असेल तर वर्षभर थांबा.

आणि हो, माझा अनुभव एका सप्लायरचा आणि फक्त कव्हरांचा. त्यावरून सगळ्या गाड्यांना वाईट म्हणू नका, मी म्हणत नाही. साडूभाऊ मात्र म्हणतील, होंडाची गोल्ड विंग घ्या, जपानी माल आहे. ती 1980 पासून 2009 पर्यंत मेरीसव्हिललाच बनायची, हे त्यांना सांगून झालंय.