ड्रायव्हरला मारलं कुणी?

प्रश्न: हंफ्री बोगार्टचा 'द बिग स्लीप' हा हॉलिवूडचा जुना डिटेक्टिव्ह पिक्चर दोनदा बघितला, दुसऱ्यांदा तर वही घेऊन बसलो होतो. जनरल स्टर्नवूडचा ड्रायव्हर गाडीसकट समुद्रात सापडतो. जो ब्रॉडी नावाचा ब्लॅकमेलर म्हणतो, मी त्याला फक्त डोक्यात हाणून त्याच्याकडची फोटोंची फिल्म काढून घेतली. मग मारलं कुणी? माझंच काही सुटलं का?
– एक वाचक, सांगली

उत्तर: वही मिटा. काही सुटलेलं नाही तुमचं. हाच प्रश्न पिक्चर बनवणाऱ्यांनाही पडला होता, दिग्दर्शक हॉवर्ड हॉक्स, लिहायला विल्यम फॉकनर आणि ली ब्रॅकेट, एवढी तगडी माणसं आणि कुणालाच सांगता येईना, शेवटी मूळ कादंबरी लिहिणाऱ्या रेमंड चँडलरलाच तार केली तर त्याचं उत्तर, मलाही माहीत नाही! हे त्यानेच नंतर पत्रात लिहून ठेवलंय. कादंबरी १९३९ ची, पण ती त्याने मासिकांत आधी छापून आलेल्या स्वतःच्याच गोष्टी जोडून केलेली, मग एखादा टाका उसवलेला राहणारच की.

त्यात पिक्चरने अजून गुंता केला. १९४५ मधे तो तयार होता, परदेशातल्या अमेरिकन सैनिकांना दाखवूनही झाला होता. पण यातली नायिका लॉरेन बकॉल, तिच्या दुसऱ्या एका पिक्चरवर समीक्षक तुटून पडले, तेव्हा तिच्या एजंटने स्टुडिओचा मालक जॅक वॉर्नरकडे लकडा लावला की हिचे बोगार्टबरोबरचे झणझणीत सीन वाढवा. ते वाढले (घोड्यांच्या शर्यतीवरून चाललेलं ते चावट बोलणं त्यातलंच), आणि सरकारी वकिलाच्या ऑफिसात केस नीट समजावून सांगणारा सीन उडाला, आणि असा बदललेला पिक्चर १९४६ मधे थेटरात आला. शिवाय सेन्सॉरची कात्री, म्हणून गोष्टीतल्या गायगर नावाच्या माणसाच्या पुस्तकांच्या दुकानात नक्की काय विकलं जातं हे पिक्चर धड सांगतच नाही, कादंबरीत ती सरळ अश्लील पुस्तकं आहेत.

प्रश्न: मग १९४५ ची व्हर्जन बघू का?

उत्तर: मिळाली तर बघा, गोष्ट जरा जास्त कळते पण मजा कमी येते, निदान मला तरी. मी १९४६ चीच परत परत लावतो. पावसात मार्लो, म्हणजे बोगार्टचा डिटेक्टिव्ह, गायगरच्या समोरच्या पुस्तकांच्या दुकानात शिरतो आणि ती दुकानातली मुलगी दार लावून घेते, चष्मा काढते, त्या सीनला ड्रायव्हर कुणाच्या लक्षात राहतोय!